लिलावातले घड्याळ आणि कपाट: किंमत नेमकी कशाची?

९ डिसेंबर २००४ रोजी लंडनमध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेत एक कपाट एक कोटी नव्वद लाख पौंडांना गेले. फर्निचरच्या एका नगाला त्याआधी कुठल्याही लिलावात एवढी रक्कम मिळाली नव्हती. आधीचा विक्रमही याच कपाटाच्या नावावर होता, १९९० मधला, ८५ लाख ८० हजार पौंडांचा. ‘बॅडमिंटन कॅबिनेट’ या नावाने ते ओळखले जाते. १७२६ मध्ये ड्यूक ऑफ बोफर्ट या एकोणीस वर्षांच्या इंग्रज उमरावाने फ्लॉरेन्सच्या राजकारखान्याला त्याची ऑर्डर दिली आणि ते पुरे व्हायला सुमारे सहा वर्षे लागली. काळेभोर आबनुसी लाकूड, त्यात रंगीत दगडांच्या पातळ चकत्या जडवून काढलेली फुले आणि पक्षी, पावणेचार मीटरहून जास्त उंची आणि सगळ्यांत वर एक घड्याळ. लिश्टेनश्टाइनच्या राजांनी ते घेतले आणि ते व्हिएन्नाला गेले.

अशा बातम्या वाचून जुने म्हणजे महाग असा समज पक्का होतो. तो खरा नाही. बॅडमिंटन कॅबिनेट विक्रम करत होते त्याच काळात इंग्लंडमधल्या गावोगावच्या लिलावांत अठराव्या शतकातली महोगनीची कपाटे, खणांची टेबले, जेवणाच्या खुर्च्यांचे संच यांचे भाव घसरू लागले होते आणि पुढे घसरतच गेले. अडीचशे वर्षे टिकलेले, हाताने घडवलेले खणांचे कपाट आज तिथे नव्या कारखानी कपाटाच्या भावात किंवा त्याहूनही स्वस्त मिळू शकते. म्हणजे नुसत्या वयाला लिलावात फारसा भाव नाही. मग भाव असतो कशाला? माझे उत्तर असे: ती वस्तू जशी घडली तशी किती शिल्लक आहे आणि हे दाखवता येते का, याला. बाकी सौंदर्य, कारागिराचे नाव, दुर्मीळपणा, मालकाचा लौकिक ही सगळी गणिते या एका प्रश्नानंतर सुरू होतात.

आधी लिलावाचा व्यवहार समजून घेऊ, कारण तिथेच नवखा माणूस फसतो. सतराव्या शतकात लंडनमध्ये मेणबत्तीवर लिलाव होत. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ज्योत विझण्यापूर्वी शेवटची बोली ज्याची, त्याला माल. सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत १६६२ सालची अशी एक नोंद आहे. एक माणूस दर वेळी नेमक्या क्षणी बोली लावत होता. पेपिसने विचारले तेव्हा त्याने गुपित सांगितले: ज्योत विझण्याच्या बेतात आली की वातीचा धूर खाली उतरतो, तो दिसला की ओरडायचे. पुढे १७४४ मध्ये सॅम्युएल बेकरने पुस्तकांचा लिलाव केला, त्यातून सदबीज ही लिलावसंस्था उभी राहिली. १७६६ मध्ये जेम्स ख्रिस्तीने आपले दालन सुरू केले. मेणबत्ती गेली, हातोडा आला, पण निरीक्षण करणाऱ्याचा फायदा होतो ही गोष्ट काही बदलली नाही.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक अंदाजित किंमत छापलेली असते, ‘दोन ते तीन हजार पौंड’ अशी. विकणाऱ्याने संस्थेशी गुपचूप ठरवलेली एक राखीव किंमत असते. तिच्या खाली माल जात नाही आणि सहसा ती अंदाजाच्या खालच्या आकड्याहून जास्त नसते. राखीव किंमत गाठेपर्यंत लिलावदार विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली पुढे नेऊ शकतो. मोठ्या संस्थांच्या छापील अटींत तसे लिहिलेले असते. त्यामुळे सुरुवातीच्या चारदोन बोलींमागे खोलीत खरा माणूस असेलच असे नाही. आणि हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो आकडा तुम्हाला भरायचा नसतो. १९७५ मध्ये ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी खरेदीदाराकडूनही दहा टक्के आकार घ्यायला सुरुवात केली. आज मोठ्या संस्थांत तो बोलीच्या पाव हिस्स्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, वर त्या आकारावर कर. हजार पौंडांना ‘मिळालेले’ घड्याळ दारात येईपर्यंत तेराशेच्या घरात जाते, वाहतूक वेगळी. विकणाऱ्याकडून दलाली कापली जाते ती निराळीच.

व्यापाऱ्यांचीही एक जुनी युक्ती होती. पाचसहा जण आधीच संगनमत करायचे, लिलावात एकानेच बोली लावायची, बाकीच्यांनी गप्प बसायचे. माल पडत्या भावात मिळाला की संध्याकाळी आपसांत दुसरा लिलाव करायचा आणि फरक वाटून घ्यायचा. एखाद्या विधवेचे घरसामान विकले जात असेल तर तिच्या हातात जायचे पैसे या मंडळींच्या खिशात जात. ब्रिटनने १९२७ मध्ये खास कायदा करून हा गुन्हा ठरवला. लिलाव म्हणजे उघड्यावर ठरलेला, म्हणून न्याय्य भाव, असे आपण गृहीत धरतो. तो न्याय्य राहावा म्हणून कायदे करावे लागले आहेत, हे विसरू नये.

यादीतली भाषा तर वकिली दस्तऐवजासारखी वाचावी. कारागिराचे पूर्ण नाव सरळ छापले असेल तर ते काम त्याचेच आहे असे संस्थेचे मत आहे. ‘अमुक याचे मानले जाते’ असे असेल तर बहुधा, पण खात्री नाही. ‘तिसऱ्या जॉर्जच्या काळातले’ आणि ‘तिसऱ्या जॉर्जच्या शैलीतले’ यांत शंभर-दीडशे वर्षांचे अंतर असू शकते: पहिले १७६० ते १८२० मधले, दुसरे कदाचित १९२० मधले. घड्याळाच्या वर्णनात यंत्र आणि पेटी ‘एकमेकांशी जोडलेली’ आहेत असा सौम्य शब्द आला की समजायचे, ती दोन वेगवेगळ्या घड्याळांतून आली आहेत. इंग्रज व्यापारी अशा जोडीला ‘मॅरेज’ म्हणतात. खोटे कोणी बोललेले नसते. वाचणाऱ्याने नीट वाचलेले नसते.

आता घड्याळाकडेच येऊ. जमिनीवर उभे राहणारे, माणसाहून उंच, लांब पेटीतले लंबकाचे घड्याळ घेऊ, कारण लिलावातल्या सगळ्या खाचाखोचा त्या एका वस्तूत सापडतात. ते इतके उंच का असते? १६५७ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सच्या कल्पनेवरून हेगच्या सालोमन कॉस्टरने लंबकाची पहिली घड्याळे बनवली. लंडनच्या फ्रोमांटील घराण्यातला जॉन लगोलग कॉस्टरकडे काम शिकायला गेला आणि १६५८ मध्ये फ्रोमांटील यांची जाहिरात लंडनच्या पत्रात झळकली. दिवसाला पाव तास चुकणारी घड्याळे मिनिटाच्या आत आली. पण तेव्हाचा लंबक आखूड होता आणि फार मोठा झोका घ्यायचा. १६७० च्या सुमारास नवी युक्ती निघाली: जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक तुकडा दात्यांच्या चाकाला आळीपाळीने अडवतो आणि सोडतो. टिक-टिक ऐकू येते ती त्याचीच. या रचनेत लंबकाला जेमतेम चारपाच अंशांचा झोका पुरतो. झोका लहान झाला म्हणून लंबक लांब करता आला आणि अरुंद पेटीत मावला. एका बाजूने दुसरीकडे जायला बरोबर एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी ९९.४ सेंटिमीटर येते. त्याच्या वर यंत्र, शेजारी आठवडाभर हळूहळू खाली उतरणारी पाचसहा किलोंची दोन शिशाची वजने, खाली थोडी मोकळी जागा. झाली सहासात फुटांची पेटी. सुताराच्या मर्जीने हा आकार ठरलेला नाही, गुरुत्वाकर्षणाने ठरवला आहे.

या काळातले सर्वांत मोठे नाव थॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३). त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले आहे, आणि नंतर त्याच कबरीत त्याचा वारस जॉर्ज ग्रॅहम. घड्याळ बनवणाऱ्या कारागिराला राजांच्या आणि कवींच्या शेजारी जागा मिळावी, यावरून त्या समाजाने या विद्येला काय मान दिला ते कळते. टॉम्पियनच्या कारखान्यातून साधारण ६५० मोठी घड्याळे बाहेर पडली असे मानतात. आपल्याला उपयोगाची गोष्ट अशी की १६८० च्या दशकापासून त्याने घड्याळांवर क्रमांक ठोकायला सुरुवात केली आणि यंत्रावरचाच क्रमांक पुष्कळदा पेटीवरही ठोकला. तीनशे वर्षांनंतर लिलावाच्या दालनात दोन्हीकडे एकच आकडा दिसला की भाव कुठल्या कुठे जातो, कारण हे यंत्र आणि ही पेटी पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत याचा तो पुरावा असतो.

पण टॉम्पियन हजारात एखादा. बाकीच्या घड्याळांबाबत पुरावा आपणच शोधायचा. लिलावाआधी दोनतीन दिवस माल पाहायला मांडलेला असतो, तेव्हा दालनातल्या माणसाला सांगून पेटीचा वरचा टोप काढून घ्यायचा आणि बॅटरी मारून आत पाहायचे. यंत्र एका आडव्या फळीवर बसलेले असते आणि ती फळी पेटीच्या दोन बाजूंवर टेकलेली असते. त्या टेकूखाली लाकडाच्या चिपा सारून उंची वाढवली आहे का? बाजू तासून उंची कमी केली आहे का? फळीला कामाची नसलेली जादा भोके आहेत का? मग तबकडी. टोपाच्या दाराची चौकट तबकडीच्या कडांना चारी बाजूंनी सारखी बसायला हवी. एका बाजूला फट, दुसरीकडे नक्षी झाकली गेलेली, असे असेल तर ही तबकडी या चौकटीसाठी घडलेली नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडणारी खूण पेटीच्या पाठीच्या फळीवर असते. शे-दोनशे वर्षांत घड्याळ कधी ना कधी थोडे झुकते, हलवले जाते, आणि लंबकाचा गोल लाकडाला घासून कमानीसारखी झिजलेली रेघ उमटते. आज लोंबणारा गोल त्या रेघेच्या उंचीवरच असेल तर मन निश्चिंत होते. रेघ एका ठिकाणी आणि गोल चार बोटे वर, तर मूळ यंत्र निघून गेले आहे आणि हे दुसरेच आलेले आहे. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मी या रेघेवर जास्त विश्वास ठेवीन. ती कोणी मुद्दाम काढत बसत नाही.

तबकडीवरून काळ बऱ्यापैकी सांगता येतो. १६८० च्या सुमाराच्या पितळी तबकड्या चौकोनी आणि दहा इंचांच्या आसपास. मग अकरा, मग बारा इंच. १७२० च्या आगेमागे वर अर्धगोल कमान आली. आणि १७७० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पांढऱ्या रंगवलेल्या तबकड्या येऊ लागल्या, त्यांनी पितळेला मागे सारले. तबकडीवर नाव असते ते अनेकदा बनवणाऱ्याचे नसून गावातल्या विकणाऱ्याचे असते. पेटीच्या तळाकडेही पाहावे. ओल्या फरशीवर उभी राहून पेट्यांचे तळ कुजत, मग ते कापून नवे लावत. नव्या घरात छत बुटके निघाले तर टोपावरची नक्षी उडवत. अशी दुरुस्ती हा गुन्हा नाही, घड्याळ वापरात होते याचीच ती खूण आहे. मात्र यादीत ती सांगितलेली असावी आणि भावातून वजा झालेली असावी.

फर्निचर वाचण्याची रीत याहून सोपी आहे, कारण लाकूड आपले वय लपवू शकत नाही. लाकूड सुकताना रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी परकाराने आखून कापलेल्या, अखंड लाकडाच्या गोल टेबलाचा माथा आज किंचित लांबट झालेला असतो. टेप घेऊन एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवे मोजावे. थोडाफार फरक आलाच पाहिजे. दोन्ही मापे तंतोतंत जुळली तर टेबल तरुण आहे. खण बाहेर काढून उलटा करावा. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ आणि कमीजास्त अंतराच्या असतात. गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीच्या रेघा कमानदार, आणि त्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या. कोपऱ्यातले डव्हटेलचे, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे, सांधे हाताचे असतील तर एकसारख्या मापाचे नसतात. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच क्वचितच बरोबर मध्यावर असते आणि टोक बोथट असते. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू १८५० च्या आसपास रुळले. हाताने कापलेले व्हीनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, दीड-दोन मिलिमीटर जाड असते, यंत्राचे कागदासारखे पातळ. खणाच्या आतल्या बाजूला मुठीच्या जुन्या भोकांच्या खुणा दिसल्या तर मुठी बदलल्या आहेत.

आणि किडीची भोके. भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या पोटात बोगदे करत हिंडते आणि शेवटी तिचा भुंगेरा झाला की तो बाहेर पडताना पृष्ठभागावर एक बारीक गोल भोक पाडतो. म्हणजे पृष्ठभागावर भोकेच दिसायला हवीत. लांबट, उघडे पडलेले बोगदे दिसले तर ते लाकूड किडल्यानंतर कापले गेले आहे: कुठल्या तरी जुन्या कपाटाच्या फळ्या काढून हे ‘जुने’ टेबल घडवले आहे. लाकूड खरोखर तीनशे वर्षांचे, टेबल मात्र परवाचे.

एवढे कळले तरी सर्वांत वरच्या पातळीवरचे बनाव पकडणे अवघडच राहते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकातल्या राजेशाही खुर्च्यांवरचा सर्वमान्य तज्ज्ञ, या विषयावरच्या आधारग्रंथाचा लेखक, आणि एक नामांकित लाकूड-कोरीवकार या दोघांनी मिळून मारी आंत्वानेतच्या नावाच्या खुर्च्या नव्याने बनवल्या. त्यांतल्या काही खुद्द व्हर्सायच्या राजवाड्याने संग्रहासाठी विकत घेतल्या. २०१६ मध्ये प्रकरण उघड झाले आणि २०२५ मध्ये दोघांना शिक्षा झाली. याच तज्ज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या एका विक्रेत्याला शंका आली तेव्हा त्याने लाकडाला जीभ लावून पाहिले आणि त्याला ज्येष्ठमधाची चव लागली. लाकूड जुने, मळकट दिसावे म्हणून ज्येष्ठमधाचा अर्क चोपडला होता. तज्ज्ञाने दिलेला निर्वाळा आणि वस्तूने दिलेली साक्ष यांत निवड करायची वेळ आली तर कोणाचे ऐकावे, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

महोगनीसारख्या तपकिरी लाकडाच्या जुन्या फर्निचरचे भाव का पडले, त्याची कारणे उघड आहेत. घरे लहान झाली, भिंतींतच कपाटे आली, स्वयंपाकघर आणि बैठक एक झाली, बारा माणसांना जेवायला बसवणारे टेबल ठेवायला खोली उरली नाही. ज्यांना जुने हवे त्यांची आवड विसाव्या शतकाच्या मध्यातल्या साध्या, हलक्या आकारांकडे वळली. लांब पेटीच्या साध्या घड्याळांचेही तेच झाले: छतापर्यंत उंच, तासातासाला टोले देणारे, दर आठवड्याला चावी मागणारे घड्याळ फ्लॅटमध्ये कोण ठेवणार? वापरण्यासाठी घेणाऱ्याला मात्र इतकी चांगली वेळ पूर्वी क्वचितच आली असेल. मालमत्ता म्हणून घेणाऱ्याने दूर राहावे.

ही आवड फिरल्याचा सर्वांत विलक्षण परिणाम आपल्याच देशात झाला. चंदीगड उभारताना वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथे राहिला. कचेऱ्या, विद्यापीठ, न्यायालय यांच्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, टेबले, बाक आखले आणि स्थानिक सुतारांनी ते हजारोंनी बनवले. काही दशकांनी ते मोडके झाले, गच्चीवर ढीग लागले आणि सरकारी खात्यांनी भंगाराच्या लिलावात ते कवडीमोलाने काढून टाकले. परदेशी विक्रेत्यांनी ते उचलले, दुरुस्त केले, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना जाऊ लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने या सामानाच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई करणारा आदेश काढला, तोवर पुष्कळ गेले होते. मला याचे फार वाईट वाटते. विकणाऱ्यांना आपण काय विकतो आहोत हे कळले नाही. आणि ज्या सुतारांनी त्या खुर्च्या घडवल्या त्यांची नावे कुठल्याही यादीत नाहीत.

भारतात जुन्या सामानाच्या लिलावाची परंपरा कोलकात्यात सर्वांत ठळक होती. इंग्रज निघून गेले, त्यांच्या घरांतली घड्याळे, पियानो, झुंबरे, शिसवी कपाटे रसेल स्ट्रीटवरच्या दालनांत हातोड्याखाली आली. तिथले रसेल एक्सचेंज १९४० पासूनचे, आणि त्याचे रविवारचे लिलाव प्रसिद्ध आहेत. मुंबईत अशी वस्तू शोधणारा माणूस चोरबाजारात मटन स्ट्रीटला जातो, आणि महाग वस्तूंसाठी सॅफ्रनआर्टसारख्या लिलावसंस्था आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेले फर्निचर बनत असे. ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून ते आज परदेशी लिलावांत येते. गोव्याकडची सतराव्या शतकातली, हस्तिदंताच्या जडावाची पोर्तुगीज धाटणीची पेटीकपाटेही तिथे दिसत. आता ब्रिटनच्या २०१८ च्या, २०२२ मध्ये अमलात आलेल्या हस्तिदंतविषयक कायद्यामुळे काही ठरावीक अपवादांत बसणाऱ्या वस्तूच नोंदणी करून किंवा दाखला घेऊन विकता येतात. भारतात तर हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंदच आहे.

आपल्याकडचा मूळ कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलानिधीविषयीचा, १९७६ पासून अमलात असलेला. शंभर वर्षे पुरी झालेली कला-कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वाड्यातले पणजोबांचे घड्याळ न्यू जर्सीच्या घरी न्यावे अशी इच्छा अनेकांना होते. घड्याळ १८९० चे असेल तर ते नेणे हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. शंभराच्या आतले असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्यावा, विमानतळावर वाद घालू नये.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत जी भिंतीवरची घड्याळे दिसतात ती बहुतेक अमेरिकेची ॲन्सोनिया किंवा सेथ थॉमस, जर्मनीची युंगहान्स, नाहीतर जपानची सेइकोशा. ही कारखान्यांत मोठ्या संख्येने बनली, तेव्हा त्यांतून कोट्यधीश होण्याची आशा धरू नये. ॲन्सोनियाचा कारखाना १९२९ मध्ये बंद पडला, पण ‘ॲन्सोनिया’ नाव छापलेली कोरी तबकडी आणि प्लायवूडची नवी पेटी घालून जुन्या यंत्राचे घड्याळ आजही आपल्याकडच्या बाजारांत विकले जाते. इंग्रजांचे ‘मॅरेज’ ते हेच. लंबक काढून ठेवा, यंत्राच्या मागच्या पितळी पट्टीवर कारखान्याचा ठसा आहे का ते पाहा, पेटीच्या आत जुन्या छापील कागदाचा तुकडा चिकटलेला आहे का ते पाहा, आणि पाठीच्या फळीवर तीच ती झिजलेली रेघ शोधा.

तुमच्या घरात असे घड्याळ किंवा शिसवी कपाट असेल तर एक विनंती. ते ‘नवे’ करून घेऊ नका. तबकडी पुन्हा रंगवू नका, पितळ लखलखीत घासू नका, लाकूड खरवडून त्यावर चकचकीत पॉलिश मारू नका. ज्या खुणा वस्तूची साक्ष देतात त्या सगळ्या एका दुपारी पुसल्या जातात आणि परत येत नाहीत. बंद असेल तर जाणत्या कारागिराकडून नुसते साफ करून, तेल घालून घ्या. जुनी पावती, लग्नातला फोटो ज्यात मागे ते घड्याळ दिसते, दुरुस्तीवाल्याने आत पेन्सिलीने लिहिलेली तारीख, हे सगळे जपा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा की ते कोणी, कुठून, कधी आणले. उत्तर कागदावर लिहा, खाली सही-तारीख घाला, आणि तो कागद पाकिटात घालून घड्याळाच्या पेटीतच ठेवा.